शिकाऊ साहेब

मराठवाड्यात सोयाबीनचं बियाणं दोनदा विकलं जातं. एकदा एप्रिल-मे महिन्यात कंपनीकडून दुकानदाराला आणि दुसऱ्यांदा मृगाचा पाऊस पडल्यावर दुकानदाराकडून शेतकऱ्याला. पहिल्या विक्रीला आमच्या धंद्यात प्लेसमेंट म्हणतात, दुसरीला लिक्विडेशन. प्लेसमेंट झाली की कंपनीच्या खात्यात विक्री दिसते, टेरिटरी मॅनेजर, म्हणजे टीएम, खूश होतात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाळ्या पडतात. लिक्विडेशनच्या वेळी ग्रुपवर शांतता असते. एका वर्षाच्या पगारी शिकाऊ उमेदवारीत मी यातली पहिली विक्री तेवढी शिकलो. दुसरी शिकण्यासाठीच मला पैसे मिळत होते, हे ध्यानात येईपर्यंत वर्ष संपलं होतं.

२०१९ मध्ये लातूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झालो. आमच्या बॅचमधली बरीच पोरं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेली. पुण्यातल्या खोलीचं भाडं आमच्या घराला झेपणारं नव्हतं. लोहा तालुक्यातलं कोरडवाहू रान, त्यात दोन बहिणींची शिक्षणं. त्याच सुमारास शिकाऊ उमेदवारीचे नियम बदलले होते. १९६१ चा मूळ कायदा कारखान्यांसाठीचा, फिटर-टर्नर-वेल्डरांचा. २०१४ च्या दुरुस्तीने त्यात इतर पदवीधरांनाही जागा झाली, २०१६ च्या योजनेत केंद्र सरकारने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, म्हणजे जास्तीत जास्त दीड हजार रुपये, उचलायचं ठरवलं आणि २०१९ च्या सुधारित नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरले. त्यामुळे बियाण्यांच्या, औषधांच्या, साबण-बिस्किटांच्या कंपन्यांनाही फिरती करणारी पोरं या मार्गाने घेणं परवडू लागलं. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांसाठी एका बियाणे कंपनीत माझी वर्णी लागली.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नऊ हजार देऊन वर शिकवणार? मग शिकून घे की नीट." मला ते बोलणं अडाणीपणाचं वाटलं. मी नोकरीला लागलो होतो, शाळेत चाललो नव्हतो.

नांदेडच्या नव्या मोंढ्यात एका गोदामाच्या माडीवर करारावर सह्या केल्या. करारासोबत प्रशिक्षणाचा आराखडा जोडलेला होता: आधी वर्गातलं पायाभूत शिक्षण, मग प्रत्यक्ष कामावरचं. मालाची ओळख, साठवण, दुकानदाराचं खातं, वसुली, तक्रारीची दखल, प्रत्येकासमोर तास लिहिलेले. मी तो वाचला नाही. पायाभूत शिक्षणाच्या हजेरीपत्रकावर मात्र एका बैठकीत सगळ्या तारखांच्या सह्या केल्या. वर्ग भरलाच नव्हता. कुणी बळजबरी केली नाही. शेजारचा पोरगा करत होता, म्हणून मीही केल्या. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार ठरत नाही, त्याला पुढे नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही, असंही त्या कागदांत होतं. मला विचारायचं होतं ते एवढंच, "साहेब, पर्मनंट कधी करणार?"

पहिला हंगाम रब्बीचा, हरभऱ्याचा. नांदेडहून निघायचं, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर करत लातूर गाठायचं आणि वाटेतली दुकानं करायची. उलट दिशेला देगलूर, धर्माबाद. तिकडं गिऱ्हाईक तेलुगूत बोलायला लागलं की मी नुसता मान हलवायचो. दुकानात पाऊल टाकलं की शेठ म्हणायचे, "या साहेब." बावीस वर्षांच्या, वडिलांची मोटारसायकल दामटणाऱ्या पोराला साहेब म्हणायची त्यांची रीत. बाहेरून आलेल्या प्रत्येक कंपनीवाल्याला ते तसंच म्हणतात, त्यात आदर किती आणि सवय किती हे त्यांचं त्यांना ठाऊक. मला ते चढलं. साहेबाला प्रश्न विचारता येत नाहीत, तो उत्तरं देतो. "एकरी किती उतारा पडंल?" कुणी विचारलं की मी छापील पत्रकातला आकडा सांगायचो. सोयाबीनच्या एका वाणाला मी मेळाव्यांमध्ये एकरी पंधरा क्विंटल सांगत फिरलो. आमच्या स्वतःच्या रानात सोयाबीन आठाच्या वर कधी गेलं नव्हतं.

मेळावे तरी खरे होते. भेटी बऱ्याचशा खोट्या होत्या. रोज ठरावीक शेतकऱ्यांना भेटून त्यांची नावं आणि मोबाइल नंबर कंपनीच्या अॅपमध्ये भरायचे असत. थंडीच्या दिवसांत रानात हिंडण्याऐवजी मी अहमदपूरच्या बसस्थानकासमोर चहा पीत कॉलेजची वही उघडायचो. शेवटच्या वर्षाला आम्ही ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी एका गावात राहिलो होतो, तिथल्या शेतकऱ्यांची यादी त्या वहीत होती. ती संपली तेव्हा नातेवाइकांचे नंबर काढले. एके दिवशी कंपनीच्या कॉल सेंटरमधून माझ्या मावशीला फोन गेला की आमचं बियाणं आपण वापरलं का, समाधानी आहात का. मावशी नांदेडला सिडकोत राहते, तिला गुंठाभर जमीन नाही. ती म्हणाली, "आमचा पोरगा त्याच कंपनीत आहे बाई, तो वापरत असंल." पंधरा दिवस घरात हसं झालं. टीएमनी मात्र मला झापलं नाही, पुढच्या वेळी नातेवाईक टाळ म्हणाले. मीही तेवढंच शिकलो.

वसुलीचंही सांगून टाकतो. शिकाऊ पोराने रोख रक्कम हातात घ्यायची नाही असा नियम होता. पेट्रोलचे पैसे उशिरा यायचे म्हणून एका दुकानदाराने दिलेले रोख पैसे मी खिशात ठेवले, त्यातून टाकी भरली आणि विद्यावेतन आल्यावर भरणा केला. कुणाला कळलं नाही. कळलं असतं तर त्याला अफरातफर हाच शब्द होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. खत-बियाण्यांची दुकानं अत्यावश्यक म्हणून उघडी राहिली. पास मिळवून आम्ही फिरत होतो, तोंडाला रुमाल, चौकाचौकात पोलीस. हॉटेलं बंद, म्हणून घरून बांधून घेतलेली भाकरी कुठल्याही झाडाखाली. त्या दिवसांत मी मनापासून मेहनत केली, हेही खरं आहे. आणि सगळ्यात मोठी चूक त्याच मेहनतीतून झाली.

त्या सालच्या बियाण्यात खोट असण्याची शक्यता होती, हे आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही कळायला हवं होतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये काढणीच्या वेळी पावसाने सोयाबीन भिजवलं होतं. काढून ठेवलेल्या गंजी भिजल्या, उभ्या पिकाच्या शेंगांत मोड आले. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ आणि अंकुर त्याला अगदी लागून असतो, भिजून वाळलेला दाणा वरून चांगला दिसला तरी आतून गेलेला असू शकतो. त्यावर ट्रकमधून पोती आपटली की आणखी नुकसान. हमाल पोती आपटत होते तेव्हा मी शेजारी उभा राहून "लवकर आटपा" म्हणत होतो. कृषी विभाग त्या उन्हाळ्यात गावोगाव सांगत होता, घरचं बियाणं वापरा, पण आधी उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, आठवडाभराने मोड मोजायचे. सत्तर आले तर एकरी तीस किलो पुरतं, त्याहून कमी आले तर बियाणं वाढवायचं. प्रमाणित बियाण्यालाही कायद्याने किमान सत्तर टक्केच उगवण लागते. ही चाचणी मी कॉलेजात केली होती, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आकृती काढून गुण घेतले होते. ज्या कंपनीचं बियाणं विकून पोट भरत होतो, तिच्या एकाही लॉटवर ती केली नाही.

लातूरला मार्केट यार्डाजवळचे एक जुने दुकानदार ही चाचणी करायचे. नवा लॉट आला की एक पिशवी स्वतःच्या खर्चाने फोडायचे. दुकानाच्या मागे टिपाडाच्या सावलीला गोणपाटाच्या गुंडाळ्या उभ्या असायच्या, प्रत्येकीला लॉट नंबरची चिठ्ठी. मे महिन्यात मी त्यांच्याकडे ट्रकभर माल ठेवायला गेलो. त्यांनी मला मागे नेलं, एक गुंडाळी उलगडली आणि म्हणाले, "मोजा." अठ्ठावन्न भरले. त्यातले काही मोड पिचके होते, तेही मी धरले होते.

"ह्या लॉटचा ट्रक माझ्या दारात आणू नका साहेब. दुसरा लॉट असंल तर बघू."

मी म्हणालो, "आमच्याकडे लॅबचा रिपोर्ट आहे."

"रिपोर्ट राहू द्या. गिऱ्हाईक भांडायला माझ्या दारात येतंय, लॅबच्या नाही येत."

त्या दिवशी माझ्यासमोर एक माणूस फुकट, मागितल्याशिवाय, विक्रीतला सगळ्यात महत्त्वाचा धडा घेऊन बसला होता. आराखड्यातल्या साऱ्या तासांची भरपाई त्या टिपाडाजवळ झाली असती. मी बाहेर येऊन अॅपमध्ये शेरा लिहिला: पार्टी निगेटिव्ह आहे, दुसऱ्या कंपनीचा माल पुढे करते. यातलं दुसरं वाक्य माझ्या मनातलं होतं. त्यांनी दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नावही काढलं नव्हतं. टीएमचा निरोप आला, ट्रक वळव.

मी तो चाकूरला वळवला. लॉट तोच होता आणि ते मला माहीत होतं. चाकूरच्या शेठना मागच्या वर्षीच्या निम्म्याने माल हवा होता, कारण टाळेबंदीत उधारी अडकली होती. मी त्यांना दुप्पट घ्यायला लावला. स्कीम सांगितली, टूर सांगितली, शेवटी म्हणालो, "उरला तर परत घेऊ, माझा शब्द." शब्द द्यायचा अधिकार मला नव्हता. नऊ हजार विद्यावेतनावरच्या पोराच्या तोंडी शब्दाला कंपनीच्या हिशेबात काडीची किंमत नाही, हे शेठना कळत असणार असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला समजावलं. पण ते म्हणाले होते, "तुमच्या शब्दावर घेतो साहेब." ट्रक उतरला. ग्रुपवर टाळ्या पडल्या, त्या महिन्यात दोन्ही जिल्ह्यांत माझा नंबर वरचा होता.

जूनमध्ये पाऊस वेळेवर आणि चांगला झाला. आठ दिवसांत फोन सुरू झाले. त्या खरिपात मराठवाडाभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या, सरकारी आणि खासगी दोन्ही बियाण्यांच्या, इतक्या की वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ग्रुपवर आम्हाला उत्तरं आली: पाऊस पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर होण्याआधी पेरलं असेल, तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल पेरलं असेल, बीजप्रक्रिया केली नसेल. शास्त्र म्हणून त्यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. तरीही ते बोलून मी लोकांची फसवणूक करत होतो, कारण अठ्ठावन्न हा आकडा माझ्या डोक्यात होता. चाकूर तालुक्यातल्या एका वावरात मी खोल पेरणीचं सांगत असताना तिथले मामा खाली बसले, तासातली माती बोटाने उकरली. दोन बोटांवर फुगून सडलेला दाणा निघाला. तो तळहातावर घेऊन ते म्हणाले, "हे किती सेंटिमीटर म्हणायचं?" मी म्हणालो की वर कळवतो. वर काहीही कळवलं नाही.

शेतकऱ्यांच्या हातात तक्रार करण्यापुरते तरी कागद असायला हवे होते. पक्कं बिल, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर बियाणं एवढं जपून ठेवलं तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडून पंचनामा होतो. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे, तेव्हा पंचनाम्याचा कागद पुढे ग्राहक आयोगातही लागतो. इतक्या मेळाव्यांत मी माइकवर बोललो, पण बिल जपा असं एकदाही म्हणालो नाही. विक्री करणाऱ्याने अशुभ कशाला बोलायचं, ही माझी समजूत. त्यामुळे उधारीवर, कच्च्या चिठ्ठीवर माल नेलेल्यांपैकी कितीतरी जण तक्रारीच्या रांगेतूनच परत फिरले. दुबार पेरणीला बियाणं पुन्हा विकत, बैलजोडी-ट्रॅक्टर पुन्हा भाड्याने आणि मधले पंधरा-वीस दिवस गेले ते गेलेच.

चाकूरच्या शेठच्या दुकानात रोज माणसं जमू लागली. ते मला फोन करत होते. पंचनाम्याला कंपनीचा प्रतिनिधी हजर लागतो, या म्हणत होते. वरून सांगण्यात आलं, तू शिकाऊ आहेस, कंपनीचा कर्मचारी नाहीस, तू सही करायला जाऊ नकोस. करारातलं जे कलम मी वाचलं नव्हतं, ते तेव्हा मला फार सोयीचं वाटलं. वर्षभर साहेब म्हणवून घेतलं आणि नेमक्या त्या आठवड्यात मी शिकाऊ झालो. फोन बंद केला. गावी जाऊन आमच्याच रानात कोळपणीला उभा राहिलो. वडिलांनी घरचं बियाणं पेरलं होतं, तपासून, एकरी थोडं जास्त टाकून. ते मला काही बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही.

शेठकडे निम्म्याच्या वर माल उरला. सोयाबीनचं बियाणं पुढच्या वर्षापर्यंत टिकत नाही आणि औषध चोळलेला दाणा तेलाच्या गिरणीला घालता येत नाही. कंपनीने परत घेतला नाही. परत घेण्याचा कागद नव्हताच.

ऑक्टोबरमध्ये मूल्यमापनाची परीक्षा झाली. परीक्षकांनी विचारलं, तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाशी कसं वागाल? मी उत्तर दिलं की शांतपणे ऐकून घेईन, नोंद करीन, लगेच जागेवर जाऊन पाहीन आणि निकाल लागेपर्यंत संपर्कात राहीन. चांगले गुण पडले. प्रमाणपत्र मिळालं. कंपनीने पुढे ठेवून घेतलं नाही. ती कायद्याने बांधलेली नव्हती, तेव्हा त्याचा राग मी कुणावर काढणार?

प्रमाणपत्राचा उपयोग झाला हे नाकारत नाही. त्यावर नांदेडला एका ठिबक सिंचनाच्या एजन्सीत लागलो, पुढे पुन्हा बियाण्यांत आलो. आता माझ्या हाताखालीही शिकाऊ पोरं असतात. मध्यंतरी २०२४ ला राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ आणि पदवीधराला दहा हजार विद्यावेतन, आधी सहा महिन्यांसाठी, मग आणखी पाच महिने वाढवून. त्यातूनही काही पोरं दुकानांत, एजन्सीत दिसू लागली. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण विचारतो, "सर, पर्मनंट करणार का?" त्यांना नावं ठेवायला माझं तोंड नाही. मात्र वर्ग न भरता हजेरीवर सही करायला मी कुणाला लावत नाही, आणि लॉट आला की पिशवी आधी फोडतो. या दुसऱ्या सवयीवरून वरिष्ठांशी खटके उडतात. एका पिशवीचे पैसे कुठल्या खात्यात टाकायचे, हा त्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

लातूरच्या त्या जुन्या दुकानदारांकडे मी नंतर जाऊन बसलो, शेऱ्याचं सांगितलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. असले शेरे त्यांच्यावर किती पोरांनी मारले असतील याची त्यांनी मोजदाद ठेवली नव्हती. चाकूरला जायला मला जास्त वेळ लागला. नव्या कंपनीचं कार्ड घेऊन गेलो तेव्हा शेठ "बसा" म्हणाले, साहेब म्हणाले नाहीत. उरलेल्या मालाचा विषय मीच काढला आणि माफी मागितली. त्यांनी वही काढून आकडा दाखवला, भरून दे असं म्हणाले नाहीत, सोडलं असंही म्हणाले नाहीत. धंदा मात्र पुन्हा सुरू झाला. आजही त्यांच्या दुकानी गेलो की ते माझं तोंडी काही ऐकून घेत नाहीत. लॉट नंबर, दर, परतीची अट सगळं कोऱ्या कागदावर माझ्या हाताने लिहायला लावतात, खाली तारीख आणि सही घेतात, कागद गल्ल्यात ठेवतात आणि मग पोराला चहा सांगतात.